ईटच्या फडातली जोड

शिवप्रिया जेवायला बसली की सृष्टीच्या पोटात दुखायला लागायचं.

आता दुसऱ्याच्या जेवणानं आपलं पोट दुखावं, हे काही शहाण्या माणसाचं लक्षण नव्हे. पण दुखायचं, त्याला काय करणार? कळंबच्या तालमीत पत्र्याच्या शेडखाली पोरींची पंगत बसायची. शिवप्रिया ऐसपैस मांडी घालायची, ज्वारीच्या दोन भाकरी ताटात चुरायची, वरून आमटी, कडेला शेंगदाण्याची चटणी, चटणीवर कच्चं तेल, आणि मग अशी जेवायची की बघणाऱ्यालाही भूक लागावी. तिसरी भाकरी मागताना तिला कसली म्हणून लाज नव्हती. "काकू, वाढा की अजून एक! पातळ नको, जाड बघून!" असं खुशाल ओरडायची. वस्तादांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, त्याचंच कौतुक. आणि शेजारी सृष्टी अर्धी भाकरी चिवडत बसायची. भूक नव्हती असं नाही. भूक होती ढीगभर. पण प्रत्येक घास दंडावर जाऊन बसतो की काय, अशी तिला धास्ती.

बरं, शिवप्रिया काही चवळीची शेंग नव्हती, की सृष्टीनं तिच्या बांध्यावर जळावं. खरी गंमत तिथंच होती. दोघी अठराच्या, दोघींच्या वजनात किलोभराचाही फरक नाही. खांदे सारखेच रुंद, माना सारख्याच आखूड, मांड्या सारख्याच भरदार. पाठमोऱ्या उभ्या राहिल्या तर वस्तादही फसायचे. तेच अंग आपल्याला मिळालंय आणि आपण ते चोरीचा माल असल्यासारखं लपवत फिरतो. ही मात्र तेच अंग घेऊन बाजारातनं अशी चालते, जणू सगळा रस्ता हिच्या बापानं केलाय! सृष्टीला सलायचं ते हे. हिला इतकं सुखानं राहता येतंच कसं?

सृष्टी परंड्याची. तेराव्या वर्षी तालमीत आली तेव्हापासून बलभीम वस्तादांची लाडकी. शिवप्रिया दोन वर्षांपूर्वी मुरूमकडून आली. घरात कानडी बोलणारी, आईला अव्वा म्हणणारी, अंडंसुद्धा न खाणारी पोर. दूध, तूप, शेंगदाणे आणि भाकरी, एवढ्यावर तिनं अंग कमावलं होतं. आली आणि सृष्टीच्याच खोलीत राहिली. सगळे म्हणायचे, काय जिवाभावाच्या मैत्रिणी आहेत! सृष्टी हसायची. आतनं तिचा जीव करपायचा.

त्यात ईट गावची यात्रा तोंडावर आली. ईटच्या फडात पोरींची एक मानाची कुस्ती लागते. गेल्या साली ती सृष्टीला मिळाली होती. समोर सोलापूरकडची एक उंच पैलवान होती. वीस मिनिटं झाली, निकाल लागेना, शेवटी पंचांनी बरोबरीत सोडवली. तेव्हापासून वर्षभर सृष्टी त्या एका कुस्तीसाठी घाम गाळत होती. तीच पैलवान यंदाही येणार होती. तिला पाडलं की गदा, आणि गदा आली की लोकांची तोंडं बंद, असा सृष्टीचा हिशोब.

पण यात्रेच्या फडात वजनकाटा नसतो. पैलवानांनी फडाला एक फेरी मारायची, पंचांनी अंग बघायचं आणि अंगावरून जोड लावायची, कोण कुणाशी लढणार ते ठरवायचं. ईटला हे काम हरिबा पैलवान करायचे. सत्तरीचा म्हातारा, कान मोडलेले, नजर मात्र घारीची. ते कुणाला काही विचारायचे नाहीत. नुसतं बघायचे आणि बोट दाखवायचे. आणि मानाच्या कुस्तीला एका तालमीची एकच पोरगी घेतात, हा तिथला कायदा.

"मी कुणाचंबी नाव देणार न्हाय," वस्तादांनी आधीच सांगून टाकलं. "दोघी माझ्याच. हरिबा बघतील आन ठरवतील."

म्हणजे सृष्टी किंवा शिवप्रिया. दोघींतली एकच.

त्याआधी अर्पिताचं लग्न झालं, आणि खरं बिनसलं ते तिथं. अर्पिता सृष्टीची चुलतबहीण. लग्न परंड्यालाच. आईनं शिवप्रियालाही आग्रहानं बोलावलं होतं. सकाळी साड्या नेसायची वेळ आली तर सृष्टीच्या नव्या ब्लाउजच्या बाह्या दंडाच्या निम्म्यावरच अडकल्या. शिंप्यानं दोन वर्षांपूर्वीच्या मापानं शिवला होता. आई म्हणाली, "असू दे बाई, दंड झाकूनच जात जा तू." आईच्या मनात काही वाईट नव्हतं. पण सृष्टी न्हाणीघरात जाऊन रडली आणि लांब बाह्यांचा पंजाबी ड्रेस घालून, वरनं ओढणी लपेटून बाहेर आली. इतका उकाडा, आणि ही गुंडाळलेली.

शिवप्रियानं सृष्टीच्या आईचा ब्लाउज मागून घातला होता. तिचा दंड वर झाला आणि टर्रकन शिवण उसवली. पोरगी खो खो हसत सुटली! कात्री मागितली, दोन्ही बाह्या कापून टाकल्या आणि तशीच मांडवात गेली. वरातीत बँडपुढं जी काय नाचली म्हणता! म्हाताऱ्या बाया तिचे दंड चाचपून बघत होत्या, "काय ठणठणीत पोर हाय गं!" म्हणत होत्या. अर्पितानं तर प्रत्येक फोटोत तिला हाताला धरून ओढलं. सख्खी चुलतबहीण बाजूला उभी, आणि फोटोत कोण, तर मुरूमची शिवप्रिया.

सृष्टी पाणी प्यायला मांडवामागं गेली. पिंपापाशी नवऱ्याकडच्या दोन बाया उभ्या होत्या. त्यांना ती दिसली नाही.

"ती ओढणीवाली बघितलीस का? पोरगी हाय का ड्रेस घातलेला गडी?"

दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. सृष्टी पेला तिथंच ठेवून आल्या पावली परत फिरली.

नीट ऐका बरं का, त्या बाया ओढणीवालीला हसल्या होत्या. बिनबाह्यांच्या ब्लाउजवाल्या पोरीबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नव्हत्या. हेच सृष्टीला जास्त लागलं. झाकलेलं अंग त्यांना दिसलं, आणि उघडं दिसलं नाही? ही कुठली रीत?

तिनं हे कुणालाही सांगितलं नाही. परत कळंबला आली आणि अर्ध्या भाकरीची चतकोर केली.

यात्रेला तीन आठवडे राहिले असताना सरावात शिवप्रियानं तिला लागोपाठ तीनदा पाडलं. तिन्ही वेळा ढाक लावून, मानेला हात घालून पाठीवरनं फेकलं. चतकोर भाकरीवर कुणाच्या अंगात ताकद राहणार? वस्ताद कट्ट्यावरनं ओरडले, "शाब्बास! ईटला असं केलंस तर गदा तुझीच बघ!"

सृष्टीच्या अंगाचा नुसता भडका उडाला.

अंगाची माती धुवायला दोघी हौदावर गेल्या. शिवप्रिया डोक्यावर तांब्यानं पाणी ओतत काहीतरी कानडी गाणं गुणगुणत होती. तिची ती भिजलेली रुंद पाठ, ते बिनघोर गुणगुणणं बघितलं आणि सृष्टीच्या तोंडातनं निघून गेलं.

"शिवे, एक सांगू? राग नको मानू."

"सांग की."

"अर्पिताच्या लग्नात नवऱ्याकडच्या बाया बोलत होत्या. पोरगी हाय का साडी नेसलेला गडी, असं म्हणत होत्या."

"कुणाला?"

"तुला. दुसरं कोण होतं तिथं?"

शिवप्रिया आधी हसली. "गडी? मग मिशी लावायला पाहिजे होती!" म्हणाली आणि पुन्हा तांब्या भरला. तिचं ते हसणं सृष्टीला सहन झालं नाही. माणसानं इतकंसुद्धा दुखवून घेऊ नये? मग तिनं आणखी एक घाव घातला, आणि तो मात्र पुरता वर्मी बसला.

"हसतीस काय? माझी आईपण म्हणाली, हिच्या अव्वाला रात्रीची झोप कशी लागत असंल. पोरगी दाखवायची कुणाला अन् कशी, म्हणून."

आई असलं काही बोलली नव्हती. आईनं तर शिवप्रियाला निघताना डब्यात लाडू भरून दिले होते.

शिवप्रियाचा तांब्या हातातच राहिला. "अव्वाला?" एवढंच ती म्हणाली. मग तिनं भराभर अंग पुसलं, ओल्या अंगावरच टी-शर्ट चढवला आणि खोलीत गेली.

त्या दिवशी तिनं तिसरी भाकरी मागितली नाही. आठवड्यानं दुसरी सुटली. काकू वाढायला वाकल्या की ताटावर हात आडवा धरायची. "बेडा काकू, बेडा, नको खरंच." भर उन्हाळ्यात ती लांब बाह्यांचा टी-शर्ट घालून सराव करायला लागली. खोलीत एक हातभर आरसा होता. आधी ती त्यात दात बघायची, नाहीतर पुळी फोडायची. आता ती त्याच्यासमोर एका अंगानं उभी राहायची, श्वास आत ओढून पोट बघायची, आणि सृष्टी आली की चटकन बाजूला व्हायची.

आणि सृष्टीला काय वाटलं? खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. इतकं बरं, की कित्येक महिन्यांनी ती घासाला न घाबरता जेवली. ती दोन-दोन भाकरी हाणायला लागली. अंगात ताकद आली, डाव बसायला लागले. आरशात बघितलं तरी पहिल्यासारखं वाईट दिसेना. शेजारी आपल्याहून जास्त लाजणारं कुणीतरी आहे, या एका गोष्टीनं तिची मान वर झाली.

तरी मत्सर काही मेला नाही. कारण आता काकू शिवप्रियाच्या मागं दुधाचा पेला घेऊन फिरायच्या. वस्ताद तिच्या कपाळाला हात लावून ताप बघायचे. जेवली तरी हिचंच कौतुक, उपाशी राहिली तरी हिचंच! सृष्टी मनातल्या मनात दात-ओठ खायची.

एकदा वस्तादांनी तिला बाजूला घेतलं. "सृष्टे, तू तिच्या खोलीत राहतीस. काय झालंय पोरीला? तुला काय बोलली का?"

"न्हाय की, वस्ताद," सृष्टी म्हणाली. "मला तर काहीच म्हणाली न्हाय."

ईटचा फड दुपारी तीनला सुरू झाला. मोकळ्या रानात लाल माती अंथरलेली, भोवती दोरी, दोरीपलीकडं माणूसच माणूस. हलगी कडाडत होती. माईकवाला घसा फोडून पैलवानांची नावं घेत होता.

पोरींची फेरी सुरू झाली. सृष्टीनं छाती पुढं काढली, हात मोकळे सोडले आणि चालायला लागली. तिच्या मागं शिवप्रिया. लांब बाह्यांची जर्सी, वरनं गळ्यापासून पोटापर्यंत टॉवेल धरलेला. खांदे आत ओढलेले, नजर मातीत. इतकी मोठी पोरगी, आणि होता येईल तेवढी लहान होऊन चालत होती.

हरिबा सावलीतल्या खुर्चीवरनं उठले. सोलापूरकडच्या पैलवानाला मध्ये उभं केलं आणि या दोघींसमोर आले. शिवप्रियाकडं बघून थांबले.

"ही आजारी हाय का वस्ताद?"

"न्हाय जी. पोर चांगली हाय."

"बाई, टॉवेल काढ की. अंग बघू दे."

शिवप्रियानं टॉवेल खाली घेतला, पण दोन्ही हात पोटावर बांधले. मान वर केलीच नाही. हरिबांनी तिला दोन क्षण न्याहाळलं, मान हलवली आणि बोट सृष्टीकडं केलं.

"ही. जोड लागली."

हलगी वाजली. माईकवाल्यानं सृष्टीचं नाव घेतलं. झालं! वर्षभर जे मागितलं ते एका बोटानं मिळालं. तिनं झुकून माती कपाळाला लावली. हरिबांनी शिवप्रियाला मग ईटच्याच एका पोरीशी जोडलं. ती पोरगी नववीतली, चार-सहा जत्रा खेळलेली, शिवप्रियापुढं अगदीच कोवळी.

आणि ती कुस्ती आधी लागली.

सृष्टी दोरीला टेकून बघत होती. ती पोरगी खरं तर घाबरलेली होती, लांबनंच हात टाकत होती. शिवप्रियानं एकदा नुसता मानेवर हात ठेवला असता तरी खेळ संपला असता. पण झटापटीत तिची जर्सी वर सरकली, पोट उघडं पडलं. आणि शिवप्रियानं समोरच्या पोरीला सोडून जर्सी खाली ओढली. पुन्हा भिडल्या, पुन्हा जर्सी सरकली, पुन्हा तिचे दोन्ही हात जर्सीकडं गेले. तेवढ्यात नववीतली पोरगी खाली वाकली, पाय उचलला आणि शिवप्रिया धप्पकन पाठीवर आडवी झाली.

गाव बेभान झालं. आपल्या पोरीनं तालमीची पैलवान चितपट केली म्हणून फेटे उडाले, शिट्ट्या वाजल्या. शिवप्रिया उठली. हरल्याचं तिला काही वाटल्याचं दिसलं नाही. तिनं आधी जर्सी नीट केली.

हिला सृष्टी दोन वर्षं ओळखत होती. ही पोरगी कुणाकडनं पडणारी नव्हती. हिला आपण पाडलं, आणि तेही अंगाला माती न लागता.

ती धावत पाण्याच्या टँकरमागं गेली. शिवप्रिया नळाखाली हात धूत होती.

"शिवे, ते लग्नातलं तुझ्याबद्दल नव्हतं."

"काय नव्हतं?"

"त्या बाया मला बोलल्या होत्या. ओढणीवाली म्हणाल्या होत्या. ते मी तुझ्यावर ढकललं. आणि आई तर काहीच बोलली नव्हती, आईची शपथ. ते सगळं मीच रचलं."

शिवप्रियानं नळ बंद केला. तिनं कानाखाली वाजवावी, झिंज्या धराव्यात, असं सृष्टीला मनापासून वाटत होतं.

"का गं?" तिनं विचारलं.

"जळायचे मी तुझ्यावर."

"माझ्यावर?" शिवप्रिया खरोखर चकित झाली. "माझ्यात जळण्यासारखं काय हाय?"

महिन्यापूर्वी हा प्रश्न तिला पडलाच नसता. सृष्टीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुझं जेवणं, तुझं चालणं, त्या बाह्या कापून नाचणं, सगळ्यावर. जाऊ दे ना, विसर आता. खोटं होतं ते. खोटं होतं म्हणून सांगतेय ना मी?"

"तू खोटं बोललीस, कळलं," शिवप्रिया म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "पण मी आरशात बघितलं ना गं नंतर. रोज बघितलं. मला दिसलं ते. आता तू खोटं म्हणलीस तर ते दिसायचं बंद कसं करू? तूच सांग."

ते सृष्टीला स्वतःलाच कधी जमलं नव्हतं.

माईकवर तिचं नाव पुकारलं गेलं. ती फडात गेली ती थेट हरिबांसमोर. "बाबा, माझ्या जागी शिवप्रियाला घ्या. तिची जोड हाय ही. पाया पडते."

हरिबांनी तिच्याकडं टक लावून बघितलं. "फडात लागलेली जोड मोडत न्हाईत, लेकरा. आन ती आत्ता पडली, सगळ्या गावानं बघितलं. जा, सलामी दे."

सृष्टीनं सलामी दिली. सोलापूरकडच्या पैलवानाची मान तिनं चौथ्या मिनिटाला धरली, हात घातला आणि ढाक लावली. तो डाव तिच्या अंगाला पाठ होता. शिवप्रियानं तिला त्याच डावानं इतक्यांदा पाडलं होतं! पैलवान पाठीवर पडली आणि फड दणाणला.

पोरांनी तिला खांद्यावर घेतलं. हातात गदा दिली. कुणी तिच्या पाठीवर थापा मारत होतं, बाया हात उंचावून तिच्या दंडाला हात लावायला बघत होत्या. माईकवाला ओरडत होता, "बघा मंडळी, बघा! अंग कसं कमावलंय पोरीनं! असं अंग पाहिजे!" जन्मभर ऐकायला आसुसलेलं वाक्य, अख्ख्या गावासमोर.

खांद्यावरनं तिला लांबपर्यंत दिसत होतं. दोरीपलीकडं गर्दीत शिवप्रिया उभी होती. सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती, पण कोपरं अंगाशी घट्ट धरून. ती सृष्टीच्या चेहऱ्याकडं बघत नव्हती, गदेकडंही नाही. ती तिच्या उघड्या दंडांकडं बघत होती. कसं बघत होती, हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. सृष्टीला लगेच कळलं. दोन वर्षं ती स्वतः तशीच बघत आली होती.

"खाली उतरवा मला!" सृष्टी ओरडली. "उतरवा, म्हणते ना!"

हलगीच्या कडकडाटात ते कुणाला ऐकूच गेलं नाही. पोरांना वाटलं पोरगी खुशीत आलीय, आणि त्यांनी तिला आणखी उंच धरून फडाची दुसरी फेरी सुरू केली.